काठी आणि चूड

या दिवाळीत गोव्यात, आमच्या वाड्यावरच्या कृष्णानं नरकासुराला मारायला नकार दिला. कृष्ण म्हणजे माझा भाचा, तिसरीतला. अंगाला निळा रंग फासलेला, बहिणीनं सेफ्टी पिना लावून बसवलेला पिवळा पितांबर, डोक्याला मोरपीस आणि हातात चंदेरी कागद लावलेलं थर्माकोलचं सुदर्शन चक्र. पहाटेचे चार वाजून गेले होते. मुलांनी दिवाळीआधीच्या सगळ्या रात्री जागवून उभा केलेला नरकासुर चौकात आणून ठेवला होता. आत लोखंडी सांगाडा, त्यावर पेंढा, त्यावर खळीनं चिकटवलेले रद्दी पेपर आणि सगळ्यांच्या वर बाजारातून आणलेला, जीभ बाहेर काढलेला मुखवटा. स्पीकरचे ठोके छातीत बसत होते. फटाक्यांचा धूर दवानं खाली दाबला जाऊन पायांशी रेंगाळत होता. कृष्णानं दोन फेऱ्या मारल्या, चक्र वर उचललं, आणि खाली घेतलं. म्हणाला, "ताका मारपाचो ना. धरून बांदया आनी पोलिसांक दिवया." मुलं खदखदून हसली. एकानं त्याच्या हातातलं चक्र काढून घेऊन नरकासुराच्या पोटावर भिरकावलं, दुसऱ्यानं काडी ओढली. पेंढा भसकन पेटला, आतले फटाके तडतडले, मुखवटा एका बाजूनं वितळत कलला. भाचा रडला नाही. आईच्या मागे जाऊन उभा राहिला आणि जळणाऱ्या नरकासुराकडे एकटक बघत राहिला.

घरी येऊन उटणं लावून आंघोळी झाल्या. तुळशीपुढे सगळ्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, 'गोविंदा गोविंदा' म्हणत त्याची बी कपाळाला लावली, कडू रस जिभेला लावून तोंडं वाकडी केली. भाच्यानंही कारीट फोडलं, अगदी दात-ओठ खाऊन. मग रोसातले फोव, ताकातले फोव, बटाट्याचे फोव अशा ताटल्या भरल्या आणि पंगतीत विषय पुन्हा निघाला. धाकट्याचं म्हणणं साधं होतं: सुपरहिरो मारत नाही, मारलं तर तोही व्हिलनच झाला. त्याचा चुलतभाऊ नववीत आहे. त्यानं फोवांतला खोबऱ्याचा तुकडा बाजूला काढत विचारलं, "मग जोकर तुरुंगातून सुटून परत माणसं मारतो, ती कोणाच्या नावावर लिहायची?" बॅटमॅनच्याच, असं उत्तर त्याच्या डोळ्यांत होतं. धाकटा गप्प झाला. मोठी माणसं दुसऱ्या विषयाकडे वळली. मला मात्र वळता आलं नाही. दिवाळी संपली, आकाशकंदील उतरले, रस्त्याकडेला पडलेले नरकासुरांचे काळे पडलेले सांगाडे भंगारवाल्यानं नेले, आणि नववीतल्या मुलाचा तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

धाकट्याला जो नियम सनातन वाटतो, तो मुळात तसा नव्हता. १९३९ साली बॅटमॅन जन्मला तेव्हा त्याच्या हातून माणसं मरत होती आणि त्याबद्दल त्याला फारसं काही वाटतही नव्हतं. १९४०मध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. त्याच्या पहिल्याच अंकात तो विमानातून एका ट्रकवर मशीनगन चालवतो. मुलांच्या वाचनात हे नको, असं संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटलं आणि त्यांनी यापुढे बॅटमॅन कुणाला मारणार नाही असं ठरवून टाकलं. त्याच अंकात जोकर पहिल्यांदा आला. कथेत तो शेवटी स्वतःच्याच सुऱ्यानं मरणार होता. इतका चांगला खलनायक एका अंकात संपवायचा कशाला, म्हणून शेवटी एक चौकट वाढवली गेली आणि तो जिवंत आहे असं दाखवलं गेलं. पुढच्या ऐंशीहून अधिक वर्षांत जोकरनं कागदावर जितकी माणसं मारली त्या सगळ्यांचा जन्म त्या एका चौकटीत आहे. म्हणजे नायकाचा संयम आणि खलनायकाचं आयुष्य, दोन्ही एकाच टेबलावर, एकाच संपादकाच्या हातून ठरले. नियम कसा आला हे कळल्यावर तो हलका होतो असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. आपले बरेच चांगले नियम आधी सोयीसाठीच आले. माणसं पुढे त्यांत अर्थ भरत गेली.

पण त्या नववीतल्या मुलाची बाजू कच्ची नाही. तीच बाजू घेऊन १९७४ साली स्पायडरमॅनच्या मासिकात पनिशर आला. गुन्हेगार दिसला की गोळी, पुढे विचारपूस नाही. त्याला वाचक मिळाले, खूप मिळाले. १९८८मध्ये तर खुद्द सुपरमॅननं तीन गुन्हेगारांना मारलं. ते सगळं जग संपवून बसले होते आणि आणखी एक जग संपवायची धमकी देत होते. त्यानंतर लेखकांनी त्याला सुखानं झोपू दिलं नाही. तो मनानं इतका कोसळला की पृथ्वी सोडून निघून गेला. ती गोष्ट मला नेहमीच प्रामाणिक वाटत आली आहे. मारणं अपरिहार्य होतं असं मानलं तरी मारणारा पूर्वीचा राहत नाही, हे त्यात लपवलेलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे त्या वेळचा जेसन टॉड, वाचकांना आवडत नव्हता. प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले. एक नंबर तो जगावा म्हणणाऱ्यांसाठी, एक मरावा म्हणणाऱ्यांसाठी. प्रत्येक फोनला पैसे पडत होते. ५,३४३ मतं मरणाच्या बाजूनं पडली, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनी एक मुलगा मारला गेला. कागदावरचाच, हे मला कळतं. पण फोन उचलणारी बोटं खरी होती. त्यातल्या कुणाच्याही हाताला रक्त लागलं नाही. त्यांनी फक्त इच्छा केली, ती जोकरनं पार पाडली आणि दोष जोकरला गेला. सुपरहिरोनं मारावं का, हा प्रश्न आपण नायकाच्या मनाचा प्रश्न म्हणून विचारतो. मला तो त्या फोन करणाऱ्यांचा प्रश्न वाटतो.

माझं बालपण पेडण्याकडच्या गावात गेलं. तिथे रात्रीचा रक्षक कॉमिकमधून यायची गरज नव्हती, तो सीमेवर होताच. वडाखाली उघड्यावर त्याची जागा. तिथे रोट, नारळ, विडी ठेवली जायची, कधी दारूचा शिंतोडा. आजी त्याचं नाव न घेता 'राखणदार' म्हणायची. जत्रेतलं नाटक संपवून पहाटे तीनला आम्ही शेताच्या बांधावरून घरी यायचो तेव्हा पायांखाली ओलं गवत असायचं, दूर कुठेतरी कोल्हा ओरडायचा आणि आजी न घाबरता सांगायची की तो पुढे चालतोय. त्याच्या अंगावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटती चूड. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो आणि मागे वळतो. चोराचं काय करतो, असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली, त्याला रात्रभर त्याच शेतात फिरवतो. पहाटे गावकऱ्यांना तो बांधावर बसलेला सापडतो, दमलेला, चोरीचं गाठोडं शेजारी ठेवून. पुढचं गाव बघतो. गोष्ट तिथे संपायची. मारून टाकलं असं आजीच्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं, आणि मला तेव्हा त्यात काही कमी वाटलं नव्हतं. दुपारी वाचनालयातल्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळही समोरच्याच्या हातातलं पिस्तूल तेवढं उडवायचा. माझ्या डोक्यात हे दोघे एकाच कामावरचे होते.

आता मोठेपणी त्या गोष्टी आठवते तेव्हा त्या इतक्या स्वच्छ राहत नाहीत. आमच्याच गोव्यातल्या वेताळ देवाच्या कितीतरी मूर्तींच्या हातात तलवार आहे. आणि त्याच राखणदारापुढे, त्याच देवापुढे, माणसं शेजाऱ्याच्या वाटोळ्याची गाऱ्हाणी घालतात. लहानपणी मी एक गाऱ्हाणं ऐकलं आहे. भावाभावांत कुळागरावरून, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेवरून, वाद होता. नारळ पुढे ठेवून, 'व्हय म्हाराजा'च्या हाकाऱ्यांत, ज्यानं खोटं केलं त्याच्या घरात दिवा लावायला माणूस राहू नये असं मागितलं गेलं. मागणाऱ्याचा गळा दाटून आला होता. तो दुष्ट नव्हता. कोर्टात पैसा संपला होता, तलाठ्याकडे हेलपाटे संपले होते, उरला होता फक्त नारळ. त्या आवाजातला कंप अजून माझ्या कानात आहे. जो माणूस राखणदाराकडे मरण मागतो तो बहुतेक वेळा आधी चार दारं वाजवून आलेला असतो. हे विसरून आपण त्याला शहाणपण शिकवू लागलो तर तो ऐकणार नाही, आणि त्यानं ऐकूही नये.

तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी मला आज मोलाची वाटते. गाऱ्हाणं घातलं म्हणजे झालं असं नव्हतं. कौल घ्यावा लागे. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी याची वाट बघत उभं राहायचं. कधी अर्धा तास काहीच पडत नाही. गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या फुलांचा वास, घंटेची दोरी हलते आहे, घामानं पाठ भिजली आहे, आणि ज्याच्या डोक्यात राग पेटला आहे तोही हात जोडून गप्प उभा आहे. देवावर विश्वास असो-नसो, त्या अर्ध्या तासात रागाला थांबायला लागतं. आणि आसपास दहा माणसं असतात, ज्यांच्यासमोर आपली तक्रार शब्दांत मांडावी लागली आहे. मुखवटा घालून छपरावरून उडी मारणाऱ्याला हा अर्धा तास नसतो.

मग नरकासुराचं काय, असं कुणी विचारेल. आपला कृष्ण मारतोच की. दशावतारात संकासुर मरतो, जत्रेतल्या प्रत्येक पौराणिक नाटकात शेवटी कुणीतरी मरतं, आणि माझ्यासकट सगळं गाव टाळ्या वाजवतं. हा प्रश्न मी टाळला असता तर हे लिहिण्यात अर्थ नव्हता. नरकासुराची कथा नीट आठवली की ती चौकातल्या जाळण्याइतकी सोपी उरत नाही. तो भूदेवीचा मुलगा. काही परंपरांत त्याला कृष्ण मारतच नाही, सत्यभामा मारते, आणि सत्यभामा म्हणजे भूदेवीचाच अवतार. म्हणजे आईनं पोटच्या मुलाचा अंत केला. त्यानं हजारो स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या, त्यांची सुटका तिला करायची होती. आणि मरताना त्यानं मागितलं की या दिवशी लोकांनी दिवे लावावेत, मंगल स्नान करावं. ते मागणं मान्य झालं. आपण पहाटे अंगाला तेल लावतो ते त्याच्या शब्दाखातर. ज्याला मारलं त्याची इच्छा मारणाऱ्यांनी युगानुयुगं पाळावी, इतकं ते मरण जड मानलं गेलं आहे. परक्या माणसानं मुखवट्याआडून केलेली ही शिक्षा नव्हे, मारणारी त्याच्या रक्ताची आहे आणि तिचा चेहरा उघडा आहे. आमच्या स्पर्धांमध्ये नरकासुर दरवर्षी उंच होत जातो, कृष्ण मात्र मिनिटभराचा, आणि भूदेवी तर कुठेच नसते. मला वाटतं, आपण गोष्टीतला जड भाग काढून टाकून फक्त आग ठेवली आहे.

आगीला टाळ्या मिळतात.

६ डिसेंबर २०१९च्या सकाळी हैदराबादजवळ पोलिसांनी चार आरोपींना गोळ्या घातल्या. एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला जाळल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्या बातमीनं देशभर बायकांना रात्री झोप लागली नव्हती, मलाही नव्हती. म्हणून त्या सकाळी लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या तेव्हा त्यांचं मन मला परकं वाटलं नाही. आमच्या ऑफिसमध्ये पेढे आले होते. सुप्रीम कोर्टानं न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला आणि २०२२च्या मे महिन्यात त्याचा अहवाल उघड झाला. पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनंच जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. मारलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात म्हटलं होतं. अहवाल आला त्या दिवशी पेढे आठवले, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. ते चौघेच गुन्हेगार होते का, हे आता कोर्टात कधीही सिद्ध होणार नाही, आणि खोटंही ठरणार नाही. आणि त्याहून मला जे खातं ते असं की, गोळ्यांचा आवाज झाला आणि बाकीचे सगळे प्रश्न विरले. मुलगी बेपत्ता झाल्यावर घरच्यांची तक्रार घ्यायला किती वेळ लागला, टोलनाक्याजवळच्या अंधाऱ्या जागेवर रात्री गस्त का नव्हती, हे आठवडाभर तरी विचारलं जात होतं. सहा तारखेनंतर ते विचारणारे थोडे उरले.

त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फोनवरून फिरत होते. ती पाच माणसं भिक्षा मागून पोट भरणारी, आपल्या बहुरूप्यांसारखी गावोगाव फिरणारी. मारणाऱ्यांना त्या तासाभरात आपण मुलांचे राखणदार आहोत असंच वाटत असणार. कॉमिकमध्ये वाचकाला सगळ्या चौकटी दिसलेल्या असतात. जोकरनं विष घातलं ते आपण पाहिलेलं असतं, म्हणून बॅटमॅननं गळा दाबावा असं आपल्याला वाटतं तेव्हा आपला निवाडा तरी बरोबर असतो. राईनपाड्यातल्या माणसांनी एकही चौकट पाहिली नव्हती, पण त्यांची खात्री वाचकाइतकीच पक्की होती.

इथवर माझं मत सरळ चालतं. मग नागपूर येतं आणि ते अडखळतं. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, भर कोर्टात, मिरचीपूड आणि सुऱ्या घेऊन मारलं. वर्षानुवर्षं त्यानं त्या वस्तीतल्या घरांत घुसून बायकांवर बलात्कार केले होते, खंडणी घेतली होती, माणसं मारली होती. तक्रार करायला गेलेल्यांना हाकलून दिलं जात होतं, तक्रारीची खबर त्याच्यापर्यंत पोचत होती. त्या दिवशी तो सुटेल अशी भीती होती. शेवटी खटल्यातले आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी निर्दोष सुटले. इथे मुखवटा कुणी घातला नव्हता. उलट, सगळ्यांनीच केलं असं म्हणत बायका पुढे आल्या. यांना मी काय सांगू? अर्धा तास थांबा? त्या तेरा-चौदा वर्षं थांबल्या होत्या. चार नव्हे, चाळीस दारं वाजवून आल्या होत्या. मी त्यांना दोष देऊ शकत नाही आणि देणार नाही. पण त्या दिवसाकडे विजय म्हणून बघणंही मला जमत नाही. राज्यानं आपलं काम इतकं टाकून दिलं की धुणी-भांडी करणाऱ्या बायकांना स्वतःच्या हातांनी माणूस कापावा लागला आणि पुढे आयुष्यभर ते हात घेऊन स्वयंपाक करावा लागला. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे हात दिसत नाहीत असं मला वाटतं.

आणि राज्यच मुखवटा घालून येतं तेव्हा? हे गोव्यात आम्हाला शिकवावं लागत नाही. पोर्तुगालनं १८६७ सालीच सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली होती. युरोपातल्या कितीतरी देशांच्या आधी. त्याच पोर्तुगालच्या पोलिसांच्या ताब्यात फेब्रुवारी १९५५मध्ये अस्नोड्याचा बाळा राया मापारी छळानं मेला. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा तो तरुण, साथीदारांची नावं सांग म्हणून मारला गेला आणि त्यानं नावं सांगितली नाहीत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. कायद्याच्या पुस्तकात फाशी नव्हती, कोठडीत मरण होतं. आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी शस्त्र उचललं, पोलीस ठाण्यांवर हल्ले केले, आणि मी त्यांच्यापुढे मान झुकवते. हे माझ्या आधीच्या सगळ्या म्हणण्याशी विसंगत आहे का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला फरक दिसतो तो असा: त्यांना जे राज्य हवं होतं त्यात असली ठाणी नको होती. पनिशरला असं काहीच नको असतं. त्याला उद्याचा गुन्हेगारच हवा असतो, नाही तर तो काय करणार?

नववीतल्या त्या प्रश्नाकडे मी आता असं बघते. जोकर सुटतो, कारण त्या शहराचा तुरुंग गळका आहे, तिथले डॉक्टर, न्यायाधीश, महापौर सगळे थकलेले किंवा विकले गेलेले आहेत. बॅटमॅन दर वेळी त्याला पकडून त्यांच्या दारात आणून टाकतो आणि दर वेळी ते त्याला हातातून निसटू देतात. ती मेलेली माणसं त्यांच्या नावावर लिहायला हवीत, आणि त्यांना निवडून देणाऱ्यांच्या. बॅटमॅननं एकदा मान मुरगळली की या सगळ्यांची सुटका होते. तुरुंगाची भिंत कुणी बांधायची नाही, साक्ष कुणी द्यायची नाही, खटला वीस वर्षं का चालतो हे कुणी विचारायचं नाही. न मारणारा नायक आपलं काम आपल्या अंगावर परत टाकतो, आणि म्हणून तो आपल्याला चिडवतो. आजीच्या गोष्टीतला दमलेला चोर पहाटे बांधावर सापडायचा तेव्हा खरं काम गावाचं सुरू व्हायचं. तो भाग आजीनं कधी सांगितला नाही. बहुधा तो रंजक नव्हता.

तो भाग मी नंतर पाहिला. आमच्या शेजारी एक काकी राहतात. काही वर्षांपूर्वी जवळच्या काजूच्या कारखान्यात रात्री चोरी झाली आणि वॉचमनला इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. काकी पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी बलकांवातून, म्हणजे घरापुढच्या ओसरीतून, दोन माणसं पळताना पाहिली. पहिल्याच्या तोंडावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडला होता, दुसरा पाठमोरा होता. दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या मुलांनी दोघांना शोधून काढलं आणि माडाला बांधायला दोरी आणली. काकींनी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत दोरीपाशी उभ्या राहिल्या. मुलांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. पुढे खटला चालला. दर तारखेला काकी सकाळच्या बसनं तालुक्याच्या कोर्टात जायच्या, डब्यात चपाती-भाजी, कोर्टाच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर दुपारपर्यंत बसायच्या. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत. गुडघे दुखत होते, पण एकही तारीख चुकवली नाही. अखेर साक्ष झाली. वकिलानं चष्म्याचा नंबर विचारला, दिव्याचं अंतर विचारलं, झोपेत होता का विचारलं. पहिल्याला त्यांनी ओळखलं. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "ताचें तोंड हांवें पळोवंक ना."

पहिल्याला शिक्षा झाली. दुसरा सुटला. तो अजून इथेच राहतो, सकाळी त्याच पोदेराकडून पाव घेतो. वाड्यावर जवळजवळ सगळ्यांना खात्री आहे की तोच होता. वॉचमनच्या बायकोनं काकींशी बोलणं टाकलं, ते आजवर सुरू झालेलं नाही. दोघी विहिरीवर समोरासमोर आल्या की एक जण मागे वळते. तो त्या रात्री तिथे होता की नाही, मला माहीत नाही. वॉचमन माझा भाऊ असता तर मीही काकींवर रागावले असते, त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवली असती, आणि तरीही त्यांनी पाहिलेल्या एका तोंडापलीकडे एक शब्द बोलू नये, असंच मला हवं असतं.